बाहुलीला चालता येत नव्हतं म्हणून… : पडद्यामागचा किस्सा पुरावा कधी होतो?



पेटची तयारी करणारे तुमच्यातले बरेच जण दोन प्रश्न विचारतात. पहिला: विषय कोणता घेऊ? दुसरा, जरा आवाज खाली आणून: सिनेमा, टीव्ही, बाहुल्या असले विषय इतिहासात चालतात का, की मुलाखतीत हसतील?

हसू शकतात. पण हसू बहुतेक वेळा विषयाचं येत नाही, त्यावर विचारलेल्या प्रश्नाचं येतं. "मी तात्या विंचूबद्दल माहिती गोळा करणार" असं म्हणालात तर समितीतलं कुणीही विचारेल, की ती तर मोबाइलवर मिळते, मग तुम्ही काय करणार? म्हणून आज एवढंच बघू: पडद्यामागचा किस्सा आणि इतिहासाचा पुरावा यांच्यात किती अंतर असतं आणि ते कसं पार करायचं. उदाहरणं दोन घेतो. एक इंग्लंडमधली ‘थंडरबर्ड्स’ ही बाहुल्यांची साहसमालिका. दुसरं आपल्या घरचं, अर्धवटरावापासून तात्या विंचूपर्यंतचं.

पहिली पायरी: किश्श्याला ‘का’ विचारा

‘थंडरबर्ड्स’ ३० सप्टेंबर १९६५ रोजी ब्रिटिश टीव्हीवर सुरू झाली. एकूण ३२ भाग, शेवटचा १९६६ च्या नाताळात. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याची ही निर्मिती. चित्रीकरण लंडनजवळच्या स्लाव इथल्या औद्योगिक वसाहतीत. गोष्ट अशी: जेफ ट्रेसी हा माजी अंतराळवीर आणि त्याची पाच मुलं एका बेटावरून गुप्त बचावसंस्था चालवतात. कुठे विमान अडकलं, कुठे खाण कोसळली, की ही पोरं आपापली यानं घेऊन धावतात. पात्रं सगळी तारेवरच्या बाहुल्या, उंची साधारण ५६ सेंटीमीटर. कल्पनेमागे एक खरी घटना होती. १९६३ मध्ये जर्मनीतल्या लेंगेडे इथे खाणीत पाणी शिरलं आणि ११ कामगारांना तब्बल दोन आठवड्यांनी जिवंत बाहेर काढण्यात आलं.

आता किस्सा. या बाहुल्यांना नीट चालता येत नव्हतं. वरून तारेने लटकणाऱ्या बाहुलीचं पाऊल जमिनीवर टेकल्यासारखं वाटत नाही, ती तरंगते. मग दिग्दर्शकांनी काय केलं? पात्रांना कमरेपासून वर दाखवलं, सरकत्या खुर्च्यांवर बसवलं, घसरगुंडीवरून थेट यानात सोडलं. बटण दाबायचा हात जवळून दाखवायचा असेल तर खऱ्या माणसाचा हात वापरला.

किस्सा म्हणून हे इथेच संपतं. तुम्ही मात्र पुढे जा. चालणं टाळायचं म्हणजे वाहन हवं. वाहन हवं म्हणजे ते निघण्याचा देखावा हवा. म्हणून पोहण्याचा तलाव बाजूला सरकतो आणि खालून रॉकेट येतं, ताडाची झाडं मागे झुकतात आणि मधून अवाढव्य यान निघतं. प्रेक्षकांच्या लक्षात राहिलं ते हेच. म्हणजे मालिकेची ओळख बनलेली गोष्ट एका तांत्रिक अडचणीच्या पोटातून आली. ‘बाहुल्या चालत नव्हत्या’ ही माहिती. ‘साधनाच्या मर्यादेने कथेचा आकार ठरवला’ हे विधान. संशोधनाला विधान लागतं, कारण ते तपासता येतं आणि खोडताही येतं.

दुसरं उदाहरण घ्या. या बाहुल्यांची डोकी शरीराच्या मानाने मोठी आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, मुलांना आवडावं म्हणून. खरं कारण डोक्याच्या आत होतं: विजेवर चालणारी एक छोटी यंत्रणा. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादाचा विद्युत संकेत तारांमधून तिथपर्यंत जाई आणि खालचा ओठ हले. ही यंत्रणा मावावी म्हणून डोकं मोठं. १९६७ च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’ या पुढच्या मालिकेत ती छातीत हलवली आणि डोकी माणसासारख्या प्रमाणात आली. म्हणजे नुसतं डोक्याचं माप बघून बाहुली आधीच्या टप्प्यातली की नंतरची, याचा अंदाज बांधता येतो. पुरातत्त्वात आपण खापराच्या कडेवरून काळ ठरवायला शिकतो ना, तसंच हे. वस्तू बोलते, आपण विचारायला पाहिजे.

तिसरं पैशाचं. भाग आधी २५ मिनिटांचे ठरले होते. निर्मितीला पैसा देणाऱ्या लू ग्रेड यांनी पहिला भाग पाहिला, खूश झाले आणि सगळे भाग दुप्पट लांबीचे करायला सांगितले. तयार झालेल्या भागांना नवे प्रसंग जोडावे लागले. तेव्हा ‘लेखकाने हा प्रसंग का घातला?’ या प्रश्नाचं उत्तर कधीकधी लेखकाच्या प्रतिभेत नसतं, निर्मात्याच्या आदेशात असतं. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे खास लक्षात ठेवा.

हाच प्रश्न आपल्याकडे आणा

यशवंत केशव पाध्ये हे आपल्याकडच्या शब्दभ्रमकलेतलं आद्य नाव. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला आणला. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये १९६७ पासून ही कला सादर करत आले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि बोलक्या बाहुल्या घराघरात पोहोचायला नवं दार उघडलं. ‘लिज्जत पापड’च्या जाहिरातीतला ससा आठवतो? तोही पाध्यांचाच.

शब्दभ्रमातली बाहुली कुठे असते? कलाकाराच्या मांडीवर किंवा हातावर. ती चालत नाही आणि चालायची गरजही नसते. कलाकार समोर दिसतो, ओठ तोच बंद ठेवतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि मजा त्या ठाऊक असण्यातच असते. आता १९९३ चा महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ घ्या. तात्या विंचू हा गुंड मरतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. इथे कलाकार दिसून चालत नाही. बाहुल्याने एकट्याने हिंडायचं, लपायचं, अंगावर धावून जायचं. मांडीवरच्या कलेला पडद्यावर पाय फुटायला हवेत!

हा शोधप्रश्न झाला: रंगमंचावरची शब्दभ्रमकला सिनेमात येताना काय सोडून आली आणि काय नवीन शिकली?

उत्तरासाठी मुंबईला जायची गरज नाही. दोंडाईच्यात बसूनही पहिला टप्पा होतो. एक वही घ्या, चार रकाने आखा: वेळ, बाहुला पूर्ण दिसतो की अर्धा, कॅमेरा कुठून बघतो, आवाज कुठून येतो. सिनेमा थांबवत थांबवत बघा आणि बाहुला असलेला प्रत्येक शॉट नोंदवा. दोन-तीन दिवसांचं काम आहे. ते संपेल तेव्हा तुमच्याकडे कुणाच्याही मुलाखतीवर अवलंबून नसलेला, स्वतः तयार केलेला पुरावा असेल. पुढे एखाद्या तंत्रज्ञाशी बोलायची वेळ आली, तर "सर, कसं केलंत?" असा मोघम प्रश्न न विचारता "अमुक मिनिटाला बाहुला पूर्ण दिसतो आणि लगेच दृश्य तुटतं, तिथे काय अडचण होती?" असं विचाराल. समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो. तयारी केलेल्याला लोक जास्त सांगतात.

आणि एक. निर्जीव वस्तूला जीव आहे असं मानून वागणं प्रेक्षकाला सिनेमाने शिकवलेलं नाही. आपल्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे लागतात, नथ लागते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना घरातल्या बायका लेक सासरी निघाल्यासारख्या हळव्या होतात. पिंगुळीच्या ठाकर समाजातली कळसूत्री बाहुली असो की ज्ञानेश्वरीतला दोरीवर नाचणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त असो, दोरी कुणाच्या हातात आहे हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सिनेमाचा अभ्यास करताना ही मागची शतकं विसरू नका. मात्र ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असंही ठोकून देऊ नका. परंपरा आणि सिनेमा यांच्यात धागा आहे असं म्हणायचं तर तो धागा बोट ठेवून दाखवावा लागतो.

दुसरी पायरी: नावं आणि चेहरे

चाहत्यांच्या गप्पांत सर्वात जास्त फिरतात ते पात्रांचे किस्से. ट्रेसी बंधूंची नावं बघा: स्कॉट, व्हर्जिल, अ‍ॅलन, गॉर्डन, जॉन. ही अमेरिकेच्या ‘मर्क्युरी’ योजनेतल्या पहिल्या अंतराळवीरांपैकी पाच जणांची नावं: कार्पेंटर, ग्रिसम, शेपर्ड, कूपर आणि ग्लेन. ब्रिटनमध्ये बनलेल्या मालिकेत अमेरिकी वीर का? निर्मात्यांचा डोळा अमेरिकी बाजारावर होता म्हणून. तिथल्या बड्या वाहिन्यांशी सौदा जमला नाही आणि मालिका दुसऱ्या पर्वातच आटोपती घ्यावी लागली. एका नावावरून आपण बाजारपेठेपर्यंत पोहोचलो, बघा.

स्कॉटचा चेहरा शॉन कॉनरीवरून बेतला, असं सांगतात. जॉनच्या चेहऱ्यामागे मात्र दोन नावं सापडतात: कुणी अ‍ॅडम फेथ म्हणतं, कुणी चार्ल्टन हेस्टन. चाहता इथे भांडतो. संशोधकाने खूश व्हावं. दोन आवृत्त्या आहेत म्हणजे दोन सांगणारे आहेत. कोण, कधी, कुणाला सांगत होतं? चित्रीकरणाच्या वेळी, की तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या मेळाव्यात? स्मृतीला ऐकणारा माणूसही घडवत असतो. शोधप्रबंधात ‘चेहरा फेथवरून घेतला’ असं न लिहिता ‘अमुक वर्षीच्या मुलाखतीत अमुक जण असं सांगतो’ असं लिहा. वाक्य लांबतं, पण उभं राहतं.

आता तात्या विंचू. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी सिनेमात चार्ल्स ली रे नावाचा खुनी मरताना आपला आत्मा बाहुल्यात टाकतो आणि चकी जन्मतो. ते नाव चार्ल्स मॅन्सन, ली हार्वे ओस्वाल्ड आणि जेम्स अर्ल रे या तीन कुप्रसिद्ध नावांतून जुळवलेलं. ‘झपाटलेला’ची कल्पना तिथून आली हे उघड आहे. बरेच निबंध इथे ‘नक्कल आहे’ म्हणून थांबतात. नक्कल हा शेरा झाला. काम त्यानंतर सुरू होतं. काय बदललं याची यादी करा. तिकडे शिकागो शहर, इकडे गाव. तिकडे व्हूडू, इकडे बाबा चमत्कार आणि मृत्युंजय मंत्र. तिकडे बाहुल्याचा मालक सहा वर्षांचा मुलगा, इकडे लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या, थोराड वयाचा पण आईच्या पदराचा. तिकडे भीती, इकडे भीती आणि हसू एकाच ताटात. आणि नाव तर बघा: ‘तात्या’ ही घरातल्या वडीलधाऱ्याला मारायची हाक, तिला ‘विंचू’ जोडलेला! ज्या शब्दाने आपण मान देतो त्यालाच नांगी लावली. हे भाषांतर करून जमत नाही, त्याला मराठी कान लागतो.

‘अर्धवटराव’ या नावातही हीच गंमत आहे. ‘राव’ म्हणजे मान, ‘अर्धवट’ म्हणजे डोक्याने कमी. शहाण्या माणसाच्या तोंडी न शोभणारं सगळं अर्धवटाला बोलता येतं, तमाशातल्या सोंगाड्यासारखं. तो बोलला की लोक हसतात, कलाकारावर मात्र दोष येत नाही.

बाहेरचा सिनेमा घेऊन आपल्या मातीत रुजवण्याचं जवळचं उदाहरण म्हणजे मालेगावचे सिनेमे. ‘मालेगाव के शोले’ २००० चा. तिथल्या लोकांना ‘ही तर नक्कल’ एवढंच म्हणून कुणी सोडून दिलं असतं, तर यंत्रमागाच्या गावाने सिनेमाशी काय नातं जोडलं हे कधी कळलंच नसतं.

तिसरी पायरी: काळाशी जोडा, पण घाई नको

‘थंडरबर्ड्स’चा खलनायक हूड हा मलेशियातल्या जंगलातल्या मंदिरात राहतो आणि संमोहन करतो. वीर गोरे, खलनायक आशियाई. मलाया ब्रिटिशांच्या ताब्यातून १९५७ मध्ये सुटला, तिथला सशस्त्र संघर्ष १९६० पर्यंत चालला आणि मालिका बनत होती तेव्हा इंडोनेशियाशी चाललेल्या संघर्षात ब्रिटिश सैन्य मलेशियाच्या बाजूने तैनात होतं. हा संदर्भ महत्त्वाचा आहेच. पण त्याच घटनेमुळे हूड जन्मला असं म्हणायला कागद लागतो. संदर्भ वेगळा, कारण वेगळं.

आपल्याकडे हा मोह आणखी मोठा. ‘झपाटलेला’ १९९३ चा, मुंबईतले बॉम्बस्फोट १२ मार्च १९९३ चे, आणि सिनेमात मरूनही न मरणारा गुंड. काय सुंदर जुळतं! पण सिनेमा प्रदर्शित होतो त्याच्या कितीतरी आधी लिहिला आणि चित्रित केला जातो. तारखा शेजारी आल्या म्हणून एकीतून दुसरी निघत नाही. प्रेक्षकांनी तो सिनेमा त्या दिवसांत कसा पाहिला, हा मात्र चांगला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रेक्षकांकडेच मिळेल.

चौथी पायरी: कुणाचं नाव गाळलं गेलं?

‘थंडरबर्ड्स’ म्हटलं की गेरी अँडरसनचं नाव येतं. पात्रं, वेशभूषा, आवाज यांत सिल्व्हियाचा वाटा मोठा होता. लेडी पेनेलोपीचा आवाज तिचा आणि चेहराही तिच्याच वळणाचा. तो चेहरा घडवला मेरी टर्नरने. क्रिस्टीन ग्लॅनव्हिल, जॉन ब्लंडॉल हे इतर घडवणारे. छोट्या यानांचे स्फोट आणि पूर खरे वाटायला लावणारे डेरेक मेडिंग्ज पुढे बाँडपट आणि ‘सुपरमॅन’पर्यंत गेले. पार्कर हा पेनेलोपीचा शोफर बोलतो ते एका पबमधल्या वेटरच्या धाटणीने: साधा माणूस उंची इंग्रजी बोलायला जातो आणि नको तिथे ‘ह’ लावतो. त्या वेटरच्या जिभेवरचा वर्गभेद जगभर ऐकला गेला; श्रेयनामावलीत वेटर कुठून असणार?

मराठीत हा प्रश्न जास्त बोचतो. विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ १८४३ चं. ५ नोव्हेंबर आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्याही होत्या, हे किती जणांना माहीत असतं? त्या पुन्हा उभ्या करून दाखवल्या पाध्यांनी. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी कळसूत्री आणि चित्रकथी जपली, गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन्ही ठिकाणी जे टिकलं ते कुटुंबांनी टिकवलं. ज्या घरात पुढची पिढी दुसऱ्या कामाला लागली, तिथल्या बाहुल्या माळ्यावर गेल्या, मग अडगळीत, मग चुलीत. इतिहास लिहायला आपण उशिरा पोहोचलो तर चुलीतली राख काही सांगत नाही.

मग पुरावा शोधायचा कुठे?

मुख्य वस्तू हरवली तरी तिच्या आजूबाजूच्या वस्तू उरतात. ‘थंडरबर्ड्स’च्या काळात त्याच कलाकारांच्या आवाजात गोष्टींच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या होत्या. मालिकेला ५० वर्षं झाली तेव्हा त्या जुन्या आवाजांवर नव्याने बाहुल्या घडवून तीन भाग तयार करण्यात आले. आवाज तबकडीत राहिला होता म्हणून हे जमलं.

आपल्या भागात असं काय उरलं असेल? व्हिडिओ पार्लरच्या नोंदवह्या, केबलवाल्याने भिंतीवर रंगवलेली जाहिरात, टॉकीजची तिकिटं, जुन्या वर्तमानपत्राचं सिनेमाचं पान. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो हे सगळे सांगतील. तिथे करमणुकीसाठी काय काय येत होतं, बाहुल्यांचे खेळ होते का, तंबूत सिनेमा दाखवत होते का, हे साठी-सत्तरीतल्या माणसांना विचारा. साल विचारू नका, कुणाला आठवत नाही. "तुमच्या लग्नाआधी की नंतर?", "गावात लाइट आली होती का?" असं विचारा. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, तारीख-ठिकाण लगेच लिहा. माणूस अहिराणीत बोलला तर अहिराणीतच उतरवा. प्रमाण मराठी नंतर शेजारी द्या. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयाला द्या, एक ज्याची मुलाखत घेतली त्याच्या घरी. बोलणारा निघून गेल्यावर त्या घराला त्या आवाजाची किंमत तुमच्या प्रबंधापेक्षा जास्त असेल.

शेवटी सिनॉप्सिसचं. ‘मराठी सिनेमातील बाहुल्या: एक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन जाऊ नका. ‘मांडीवरून पडद्यावर: मराठी शब्दभ्रमकलेतील तंत्रबदल, १९६७ ते १९९३’ असं काही घेऊन जा. काळ ठरलेला, वस्तू ठरलेली, प्रश्न ठरलेला. मग कुणी विचारलं की बाहुल्यांवर कसली पीएच.डी., तर शांतपणे सांगा: बाहुलीला चालता येत नव्हतं म्हणून माणसांनी काय काय शोधून काढलं, त्यावर आहे.

या आठवड्यात एवढंच करा. आवडीचा एक किस्सा निवडा, त्याखाली तीन वेळा ‘का’ लिहा आणि प्रत्येक ‘का’समोर तो कोणत्या पुराव्याने तपासता येईल ते मांडा. तिसऱ्या ‘का’समोरचा रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका. तुमचं काम तिथूनच सुरू होतं.